माडांना नदीपार पोचवताना

14 जानेवारी 2024, रविवार. पहाटे साडेचारच्या सुमाराला मागच्या अंगणातून एका बाईचा हंबरडा ऐकू आला, मग दुसरीचा, मग सगळ्यांचाच. मी नवऱ्याला हलवलं आणि म्हटलं, "माडा गेले."

माडा म्हणजे आमच्या घरमालकांचे वडील. मेंडे भाषेत माडा म्हणजे आजोबा. चीफलाही मानाने माडाच म्हणतात. (आणि मामा म्हणजे आजी. माझा भाऊ चिपळूणहून फोनवर लेकीला "मामा बोलतोय" म्हणाला की अंगणातली पोरं अजूनही हसून लोळतात.) नवऱ्याच्या पाणीपुरवठ्याच्या कामामुळे आम्ही तीन वर्षं पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमधल्या बो शहरात राहतोय. राजधानी फ्रीटाउननंतरच्या मोठ्या शहरांपैकी हे एक, मेंडे मुलखाचं नाक. माडा पूर्वी त्यांच्या गावाकडे सेक्शन चीफ, म्हणजे काही गावांचे प्रमुख, होते. नव्वदीच्या आसपासचे असावेत, नक्की साल कुणालाच ठाऊक नव्हतं. रोज सकाळी मी "बुआ, माडा, काहू येना?" विचारायची, कसं काय, बरं आहे ना? ते म्हणायचे, "काये इ न्गेवो मा." देवाकडे दोष नाही.

इथे आलेली आपली माणसं मयताला जातात, पाकीट देतात, पंधरा मिनिटांत निघतात. मीही तेच करत आले होते. आत काय चाललंय ते कळत नाही, कुठे बसावं समजत नाही, आणि कुठून मुखवटेवाला आला तर पळायचं की थांबायचं, हेही ठाऊक नसतं. या वेळी पळता आलं नाही, कारण पिकअप आमची होती आणि माझं अक्षर चांगलं आहे. दुसऱ्या कारणाने मी जास्त अडकले.

घर मुसलमान, त्यामुळे दफन त्याच दिवशी. गाव सुंबुयाच्या रस्त्याला, सेवा नदीच्या काठी. हो, नदीचं नावच सेवा. पहिला धडा इथेच मिळाला: दवाखान्याच्या माणसाने येऊन पाहून दिलेला कागद निघायच्या आधी खिशात ठेवा. रडारडीत तो कुणी घेतलाच नाही आणि पुढे मृत्यूच्या नोंदीसाठी घरमालकांना 18 आणि 22 जानेवारीला दोन चकरा पडल्या. 2014 ते 2016 च्या एबोलाच्या साथीनंतर इथले लोक असल्या कागदांबाबत खरं तर फार सावध आहेत. त्या काळात स्वतःच्या बापाला आंघोळ घालायची सोय नव्हती. पांढऱ्या पोशाखातली माणसं यायची, पिशवीत घालून न्यायची. थोरल्या आत्या, म्हणजे माडांच्या धाकट्या बहीण, मला त्या दुपारी म्हणाल्या, "माझा नवरा तेव्हा गेला. त्याला नदी ओलांडून दिलेलीच नाही अजून." मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता.

अर्थ 17 तारखेला लागला. मेंडे समजुतीप्रमाणे मेलेला माणूस लगेच पूर्वजांत जात नाही. मध्ये पाणी आहे, ते ओलांडावं लागतं, आणि ओलांडून द्यायचं काम मागे राहिलेल्यांचं. या विधीला तेंजामेई म्हणतात. बाईसाठी तिसऱ्या दिवशी, पुरुषासाठी चौथ्या. तीन हा आकडा बायकांचा, चार पुरुषांचा. वैतरणीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मला यात नवल वाटायला नको होतं, पण वाटलं.

उजाडायच्या आत सगळे ओढ्यावर गेले. हातपाय-तोंड धुणं झालं. मग कबरीशी तांबडा भात, म्हणजे पामच्या तेलातला, आणि जिवंत कोंबडी. कोंबडीच्या पुढ्यात तांदूळ टाकले आणि एका म्हाताऱ्याने माडांशी बोलायला सुरुवात केली. आपल्याकडे गुरव गाऱ्हाणं घालतो तसंच, त्याच लयीत, मध्येमध्ये बाकीच्यांचा हुंकार. कोंबडीने दाणा टिपला तर माडा राजी. कोंबडी इकडेतिकडे बघत उभी. दोन मिनिटं, तीन मिनिटं. मग कुणीतरी पुढे होऊन कबुली दिली की धाकट्या भावाशी जमिनीवरून झालेलं भांडण या महिन्यात मिटवू. कोंबडीने टिपलं. पिंडाला कावळा शिवेना म्हणून माझ्या काकाने "मुलीचं शिक्षण पुरं करीन" म्हटलेलं मला लख्ख आठवलं, आणि मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडले. आत्यांनी काही न बोलता आपल्या लाप्प्याचं, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या कापडाचं, टोक माझ्या हातात दिलं.

सातवा दिवस साधा झाला, कुराण वाचन आणि जेवण. खरी चर्चा 21 जानेवारीला. चाळिसावा कसा करायचा?

धाकटे दीर, म्हणजे घरमालकांचे धाकटे भाऊ, फ्रीटाउनमध्ये असतात, धार्मिक आहेत. त्यांचं म्हणणं, डेव्हिल नाचवायचे नाहीत. इथे क्रिओ भाषेत आणि इंग्रजीतही मुखवट्याच्या सगळ्याच रूपांना सरसकट 'डेव्हिल' म्हणतात. हा शब्द मला पहिल्यापासून खटकतो. मेंडेत शब्द आहे न्गाफा, आत्मा किंवा दैवत. त्यात सैतान कुठेच नाही. पण नाव पडलं की पडलं, आणि ते भांडणात कामाला येतं. दुसरीकडे आत्या आणि गावचे म्हातारे. माडा पोरोचे जुने माणूस, चीफ राहिलेले; गोबोई, म्हणजे नाचणारा न्गाफा, आला नाही तर लोक काय म्हणतील? पोरो हा पुरुषांचा गुप्त समाज आणि सांदे बायकांचा. गावातलं लग्न, जमीन, मरण यांपैकी काहीच या दोघांना वगळून होत नाही. चार तास बोलणं चाललं. शेवटी तोडगा निघाला: सकाळी मशिदीपाशी वाचन आणि दानधर्म, दुपारनंतर गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मैदानात नाच. धाकटे दीर सकाळीच जेवून निघतील, म्हणजे त्यांनी काही पाहिलंच नाही. असे तोडगे काढण्यात मेंडे लोक कोकणी माणसालाही हरवतील.

चाळिसावा दिवस 22 फेब्रुवारीला, गुरुवारी येत होता. लांबच्या लोकांसाठी शनिवार, 24 फेब्रुवारी ठरवला. त्याहून पुढे ढकलता येत नव्हतं, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रमजान लागणार होता. आणि मग घरमालकांनी शंभर पानी वही माझ्यापुढे ठेवली. "तू लिहायचंस."

वहीतले काही आकडे देते, कारण मला आधी कुणी दिले असते तर बरं झालं असतं. 2022 च्या जुलैत लिओनवरची तीन शून्यं काढली, त्यामुळे जुनी माणसं अजून हजारांऐवजी लाखांत बोलतात. विचारून घ्या. एक नवा लिओन तेव्हा, 2024 च्या सुरुवातीला, साडेतीन-पावणेचार रुपयांचा होता. पॅरामाउंट चीफना, म्हणजे सगळ्यांत वरच्या चीफना, भेट 500, आताच्या सेक्शन चीफना 300, टाउन चीफना 150. गोबोईचा ताफा 2500, शिवाय येण्याजाण्याचं वाहन आणि जेवण. सांदेच्या बायकांना 1500. ढोलवाले 800. तांदूळ आठ पोती, पोत्याला 850. एक गाय 9000. जनरेटर, मांडव, तेल, सुकी मासळी मिळून सगळं तीस हजारांच्या पुढे गेलं, म्हणजे लाखभर रुपये. यातलं बरंचसं लोकांनी आणलेल्या पैशांतून निघतं. प्रत्येकाचं नाव आणि रक्कम वहीत चढते आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली जाते. आपल्या आहेरासारखंच, फक्त माइकवर. पोरोच्या म्हाताऱ्यांचं नाव आलं तेव्हा मी रक्कम विचारली. घरमालक म्हणाले, "तिथे रेघ मार." नुसती रेघ.

परवानगीचं सांगते. 3 फेब्रुवारीला पॅरामाउंट चीफकडे गेलो. रिकाम्या हाताने जायचं नाही. कोलाच्या बिया न्यायच्या, मेंडेत तोलो. पांढऱ्या मिळाल्या तर उत्तम, पांढरा कोला म्हणजे स्वच्छ मन. आपली पानसुपारी समजा. पैसे कोलाच्या खाली, पानात गुंडाळून, आणि देताना "हे काहीच नाही" असं म्हणायचं. बोलणं थेट चीफशी करायचं नसतं. मध्ये एक माणूस बसतो, आपण त्याला सांगायचं, तो चीफना सांगतो, जरी चीफ हातभर अंतरावर बसून सगळं ऐकत असले तरी. मला पहिल्यांदा हसू आलं होतं. दुसऱ्या वाक्याला लक्षात आलं की यात रागाचं काही बोललं गेलं तर ते मधल्या माणसापाशीच विरतं.

चीफचं पत्र त्याच दिवशी मिळालं. मिरवणूक आणि रात्रीच्या आवाजासाठी पोलिसांचंही पत्र हवं होतं, त्याला तीन खेपा. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा पत्र मिळालं आणि घरी येऊन पाहिलं तर तारीख 24 ऐवजी 14 फेब्रुवारी. पत्र टेबलावरच वाचा, मग उठा. तिसऱ्या खेपेला तारीख दुरुस्त झाली, सोबत साठ लिओन 'कागदाचे' गेले. पावती मागितली तर सगळे माझ्याकडे प्रेमाने बघत राहिले.

या सगळ्यात माझ्या वाट्याला आलेली चांगली गोष्ट म्हणजे सेग्बुला. वाळवलेला पोकळ भोपळा, त्यावर दोऱ्याची सैल जाळी, जाळीत ओवलेले मणी किंवा कडक बिया. गाणाऱ्या बायकांचं हे वाद्य. 5 फेब्रुवारीला आत्यांनी एक माझ्या हातात दिलं. "मंगळागौरीला मी टाळ वाजवते," असं मी कधीतरी बोलून गेले होते, ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं. मला वाटलं, खुळखुळा आहे, हलवायचा. पण उजव्या हातात भोपळ्याची मान आणि डाव्या हातात जाळीचं शेपूट ताणून धरायचं. शेपूट ओढलं की मणी भोपळ्यावर आपटतात, टक्. सोडलं की घसरतात, खर्र. त्या 'टक्' आणि 'खर्र'च्या मधे भोपळ्याची मान हलवायची. आठ दिवस माझं नुसतंच खर्र येत होतं. डाव्या हाताच्या करंगळीला दोरा लागून सोललं. आत्या म्हणायच्या, "हाताने मोजू नकोस, पायाने मोज." मला केरवा-दादऱ्याची सवय, सम शोधायची. इथे केलेई, म्हणजे दोन काठ्यांनी वाजवायचं पोकळ लाकूड, एक चाल धरतं आणि सांग्बेई ढोल तिच्यावर वेगळंच काही बोलतात. सम कुठली म्हणून विचारलं तर आत्यांना प्रश्नच कळला नाही. पाय ज्याच्यावर पडतो ती.

संध्याकाळच्या सरावाला शेजारचे निवृत्त मास्तर येऊन बसायचे. त्यांनीच ती गोष्ट सांगितली. 1933 साली अमेरिकेत जॉर्जियाच्या किनाऱ्यावर, हॅरिस नेक नावाच्या जागी, लोरेंझो टर्नर या भाषातज्ज्ञाने अमेलिया डॉली नावाच्या बाईचं एक गाणं ध्वनिमुद्रित केलं. तिला ते आईकडून आलेलं, अर्थ ठाऊक नव्हता. शब्द मेंडे निघाले. गुलाम म्हणून नेलेल्या कुणा बाईने ते पलीकडे नेलं होतं आणि लेकी-नातींनी नुसत्या आवाजावर जपलं होतं. पुढे नव्वदच्या सुमाराला संशोधक इथे ते गाणं शोधत गावोगाव फिरले आणि सेनेहुन न्गोला गावात बेंदू जबाती या बाईला ते येत होतं, आजीकडून. तेंजामेईचं गाणं, कबरीशी बायकांनी म्हणायचं. 1997 मध्ये अमेलियाची मुलगी मेरी मोरान स्वतः सिएरा लिओनला आली. मास्तर सांगत होते आणि आत्या सेग्बुला मांडीवर ठेवून ऐकत होत्या. त्यांना हे ठाऊक होतंच. गोष्ट संपल्यावर म्हणाल्या, "म्हणून सांगते, अर्थ नंतर विचार. आधी टक् नीट काढ."

23 फेब्रुवारी, शुक्रवार. रात्री जागर. ढोल, गाणी, जेवणं. साधारण अकराला गावातून एकजण ओरडत गेला आणि क्षणात बायका-पोरं घरांत. मलाही दंडाला धरून आत नेलं. दार बंद, खिडक्यांना आतून लाप्पे, कंदील विझवले, मोबाइल गोळा करून मडक्यात. ज्यांना पोरोची दीक्षा नाही त्यांनी पोरोचा न्गाफा पाहायचा नाही. परदेशी म्हणून सूट नाही, आणि असावी असं मलाही वाटत नाही.

बाहेर काय झालं ते मी लिहिणार नाही. आत्यांना मी नंतर विचारलं होतं, किती लिहू? त्या म्हणाल्या, "खोलीतलं तुझं आहे." तर खोलीतलं. आम्ही चौदाजणी आणि पाच मुलं होतो. मिरच्या आणि धुराचा वास. बाहेरून काही आलं की बायका टाळ्या वाजवायच्या, सगळ्या मिळून, आणि मग एकदम थांबायच्या. माझ्या शेजारच्या मुलीचं तान्हं बाळ जागं होतं. टाळी पडली की ते दचकायचं आणि थांबली की हुंकार द्यायचं, अगदी वेळेवर. चौथ्या-पाचव्या खेपेला माझ्या टाळ्याही त्यांच्यात मिसळल्या. पायाने मोजत होते, अंधारात. दोनदा भिंतीला काहीतरी घासून गेलं आणि सगळ्यांनी श्वास रोखला. पावणेदोनला दार उघडलं. मैदान झाडून काढल्यासारखं रिकामं होतं.

एक सूचना: त्या खोलीत शिरण्याआधी बाथरूमला जाऊन या.

24 ला सकाळचं वाचन वेळेत झालं, धाकटे दीर ठरल्याप्रमाणे जेवून निघाले. दुपारी साडेतीनला गोबोई आला. लांबून गवताच्या उडवीला पाय फुटल्यासारखं दिसतं: राफियाचे, म्हणजे ताडजातीच्या झाडाच्या तंतूंचे, थरावर थर, वर चामडं, कवड्या, आरशाचे तुकडे. गोबोईचा थोरला भाऊ ग्बिनी, बिबट्याच्या कातड्याचा. तो मोठ्या चीफच्या मरणाला वगैरे येतो, आमच्याकडे नव्हता. गोबोई बायकांनी पाहायला हरकत नाही, पण लांबून. अंगाला लागलं तर भानगड. बरोबरचे चार-पाच गडी त्याला मैदान मोकळं करून देतात आणि एकजण सतत वाकून विस्कटलेला राफिया तळहाताने खाली बसवत असतो, शाळेत जाणाऱ्या लेकीची वेणी सारखी करावी तसा. मग तो खाली बसतो, राफिया जमिनीवर पसरतो, माणूस उरतच नाही. ढोल थांबतात. आणि एकदम गिरकी. पोफळीची झावळी अंगणातून ओढत नेल्यावर होतो तसला आवाज, फक्त शंभर झावळ्यांचा. धूळ आमच्यापर्यंत आली. सुट्या नोटा इथे लागतात: पाच-दहाच्या, गड्याच्या हातात द्यायच्या, न्गाफाच्या नाही. मी वीसच्याच आणल्या होत्या.

त्यानंतर बायकांची पाळी. न्दोली जोवेई, सांदेचा नाचणारा मुखवटा. काळाभोर चकचकीत लाकडी शिरस्त्राण, मोठं कपाळ, मिटलेलं बारीक तोंड, मानेला वळ्यांवर वळ्या. आत बाई असते. आफ्रिकेत मुखवटे सहसा पुरुष घालतात. इथे कोरतो पुरुष, घालते बाई. मानेच्या वळ्या म्हणजे नदीतून डोकं वर काढताना उठलेल्या लाटा, असं एक सांगतात. हाताची बोटंसुद्धा दिसता कामा नयेत, कातडी दिसली तर नामुष्की. म्हणून नाच मध्येच थांबतो, बरोबरच्या बायका चटया धरून आडोसा करतात, बांधलेलं तपासतात. माझ्यापासून हातभर अंतरावरून ती गेली तेव्हा बुटाच्या पॉलिशचा वास आला. पूर्वी पानांच्या काढ्याने काळं करत, आता पॉलिश. आत कोण, हे विचारायचं नाही. मला चालीवरून शंका आली होती. नाही विचारलं.

सांदेबद्दल लिहिताना एक गोष्ट गाळणं मला जमणार नाही. त्या समाजाच्या दीक्षेत मुलींच्या गुप्तांगाचा भाग कापतात. मला ते मान्य नाही, आत्यांना माहीत आहे, त्या विषयावर आम्ही दोनदा भांडलो आहोत. त्या दिवशी त्याच बायकांच्या रांगेत उभी राहून मी सेग्बुला वाजवत होते. दोन्ही खरं आहे.

शेवटी गोंडे आली, फुटक्या जुन्या मुखवट्याची, चिंध्या आणि डबे लटकवलेली, सगळ्यांकडे भीक मागणारी. न्दोली जोवेईची उलटी छबी. तिने माझ्या हातातला सेग्बुला हिसकावला आणि माझी नक्कल केली: जीभ बाहेर, डोळे जमिनीवर, पायाने मोजतेय. आमच्या शिमग्यातला संकासूर असाच अंगावर येतो. मैदान हसून कोसळलं. घरमालकही, सहा आठवड्यांत पहिल्यांदा.

25 ला सकाळी हिशेब. मी वही वाचली, घरमालक डोळे मिटून ऐकत होते. रेघेपाशी आले, थांबले, पुढे गेले. वही मिटल्यावर त्यांनी सहज विचारलं, "शुक्रवारी रात्री काय ऐकलंस?"

"झोप लागली होती, पा."

त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून पांढरा कोला काढला, दोन भाग केले आणि अर्धा मला दिला. भयंकर कडू असतो. मी चावत राहिले.

"काहू येना?" मी विचारलं.

"काये इ न्गेवो मा," ते म्हणाले.